‘जमुना के तीर’ : एकच रेकॉर्ड दोन पट्ट्यांत कशी?

पहाटेचा_रियाज
नमस्कार मंडळी. गाणं शिकायला उशिरा लागले, बावन्न वर्षांची आहे. बाईंनी यंदा भैरवी राग घेतला, म्हणून किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची ‘जमुना के तीर’ ही ठुमरी रोज ऐकते. नेटवर ती दोन ठिकाणी सापडली. गाणं तेच, हरकती त्याच. पण एकीत पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, अर्ध्या सुराने चढी आणि आवाज अगदी कोवळा. दुसरीत तोच आवाज भरीव. मग भीमसेन जोशींची लावली, तर ती निराळीच ठुमरी वाटली. बाई म्हणाल्या, “तिन्ही ऐक.” ऐकतेय, पण कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही.

पेटीवाला_मिरज
ताई, पहिल्या दोन बहुधा एकाच तबकडीच्या आहेत. फरक वेगाचा. मिनिटाला ७८ फेरे असं आपण सरसकट म्हणतो, पण जुन्या काळी सगळ्या रेकॉर्डी नेमक्या ७८वर भरलेल्या नसत. आता वाजवताना ७८च्या जागी ८२.६ फेरे पडले की पट्टी अर्धा सूर चढते. पेटीच्या काळी एक पट्टीतलं गाणं शेजारच्या पांढरी दोनमध्ये जातं. लयही चढते, मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) आखडते, गळ्याचा पोत बदलतो. सव्वातीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटं चार सेकंदांत आटपतं. तुमच्या दोन्हींची लांबी बघा.

मी घरच्या रेकॉर्डी कॉम्प्युटरवर घेतो. पहिल्या वर्षी सुई नवी आणली, पण वेग तपासलाच नाही. चाळीसेक रेकॉर्डी पुन्हा घ्याव्या लागल्या. आता पेटी शेजारी ठेवतो. रेकॉर्डमधली साथीची पेटी दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी बोलली की संशय घ्यायचा. तेवढ्यावर विसंबत नाही, कारण जुन्या पेट्या आजच्या सुराला तंतोतंत जुळत नाहीत. मग तबल्याची चाट (काठावरचा बोल) ऐकतो, गाणारा श्वास घेतो ती जागा ऐकतो. श्वास घाईचा वाटला की वेग चुकलाय.

दुसरं म्हणजे साफसफाई. खरखर काढायला गेलं की तिच्याबरोबर ‘स’ची धार जाते, तंबोऱ्याची जवारी (तारेची गुंजती झणझण) जाते. आवाज गुळगुळीत होतो आणि गाणारा रजईआडून गातोय असं वाटतं. मी खरखर राहू देतो. खाँसाहेब ज्या मिरजेत राहिले तिथे आजही तंबोरे घडतात, जवारीसाठी कारागीर तारेखालचा दोरा केसभर सरकवत बसतो. ती जवारी एका बटणाने पुसली जाते, हे मला सहन होत नाही.

रमणबाग_मागची_रांग
भीमसेनजींबद्दल थोडं. त्यांचा जन्म १९२२चा, खाँसाहेब गेले १९३७ साली. तालीम मिळाली ती खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडून. घराणं एक, गळे दोन. शिवाय दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तिथे बढत करायला, म्हणजे राग हळूहळू फुलवायला, जागाच नाही, प्रत्येक जागा आधी ठरवून, वेचून घ्यावी लागते. मैफिलीत भैरवी शेवटी येते, गळा तापलेला असतो, घड्याळ कोणी बघत नसतं. लहानपणी वडिलांबरोबर पुण्यात रमणबागेत, सवाई गंधर्व महोत्सवात, रात्रभर बसायचो. उजाडताना भीमसेनजी एकाच शब्दाकडे चार वाटांनी यायचे आणि वडील माझ्या अंगावरची शाल धरून तसेच थांबलेले असायचे.

पहाटेचा_रियाज
पेटीवाले दादा, लांबीत अकरा सेकंदांचा फरक निघाला! फोनवर चढ्या गाण्याचा वेग कमी करून पाहिला, पण लय उतरली, पट्टी तशीच राहिली.

पेटीवाला_मिरज
फोन पट्टी धरून ठेवतो, म्हणून. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज स्पीड’ घ्या, ‘चेंज टेम्पो’ नको. उणे ५.६ टक्के टाका. मग दोन्ही एकामागून एक लावा आणि फक्त ‘तीर’वरची मींड ऐका.

पहाटेचा_रियाज
ऐकली. आता दोन्हीकडे एकच माणूस गातोय. उद्या बाईंकडे घेऊन जाते.