शाळेची प्रयोगशाळा: ओट्याला कडाप्पा चालेल का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. इतकी वर्षं आमची प्रयोगशाळा म्हणजे स्टाफरूममधलं एक गंजलेलं कपाट. यंदा माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवले, २० बाय ३० फुटांची खोली मिळाली. दिवाळीच्या सुट्टीत काम उरकायचंय आणि ओट्यावरच गाडी अडलीय.

गवंडी म्हणतो, "मॅडम, कडाप्पा टाका, घरोघरी तोच असतोय." पण कडाप्पा म्हणजे चुनखडीच ना? एका तुकड्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले, तर फसफसला. गवंडीभाऊ बघतच राहिले. (नववीच्या पोरांनाही बोलावून दाखवलं, तेवढाच एक तास सार्थकी.) ग्रॅनाइट सगळीकडे परवडणार नाही. काय करू?

दुसरी काळजी बाटल्यांची. १९६७ च्या कोयना भूकंपाच्या आठवणी सासूबाई अजून सांगतात, आणि अधूनमधून फळीवरची भांडी आजही वाजतात. अशा जागी आम्लाच्या काचेच्या बाटल्या ठेवायच्या कशा?

शिवाय गॅस घ्यावा की स्पिरिटचे दिवे पुरतील? तुकडीत ४२ मुलं आहेत.

खडूवाला, कराड: मॅडम, ग्रॅनाइट फक्त रसायनाच्या ओट्याला, तोही भिंतीलगत एकच. भौतिकला लाकडी टेबलं घ्या. लोखंडी टेबलावर चुंबकसूची भलतीकडेच तोंड करते नि पोरं रडकुंडीला येतात. सिंक चिनी मातीचं, खाली पीव्हीसी पाइप. स्टीलला हायड्रोक्लोरिकने खड्डे पडतात. आम्लं सगळ्यात खालच्या फळीवर, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. प्रत्येक फळीला पुढून दोन इंची पट्टी मारा आणि कपाट भिंतीला पक्कं करा. अमोनिया आम्लांच्या शेजारी नको, काचांवर पांढरी पूड धरते. सूक्ष्मदर्शक वेगळ्या, कोरड्या कपाटात, नाहीतर तुमच्याकडच्या पावसात भिंगांना बुरशी लागलीच म्हणून समजा.

गॅसच्या भानगडीत पडू नका. तो हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो. दिवे पुरतात, फक्त पेटत्या दिव्यात स्पिरिट ओतायचं नाही.

धागाकर्ती: खूप आभार सर. एक राहिलं, सिंकचं पाणी मागच्या ओढ्याला जातंय.

खडूवाला, कराड: थेट सोडू नका. मध्ये एक खड्डा बांधून घ्या आणि गवंड्याकडचे कडाप्प्याचे तुकडे फोडून त्यात भरा. इथं त्याचं फसफसणं कामी येतं, आम्ल बरंचसं मारलं जातं. सल्फ्युरिकमुळे तुकड्यांवर जिप्समचा थर बसतो, तेव्हा वर्षाकाठी ते बदलायचे. आणि मोरचुदाचं पाणी त्या सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या डब्यात साठवा.