पालक संताचा सण तारखेलाच की सोयीच्या रविवारी?

शेवटचा_बाक
आमच्या पॅरिश कौन्सिलमधे, म्हणजे चर्चच्या लोकांच्या समितीत, ठरतंय की यंदापासून पालक संताचा (ज्याचं नाव आपल्या चर्चला आहे त्याचा) सण त्याच्या तारखेला करायचाच नाही, जवळच्या रविवारी उरकायचा. कारण एकच, वीकडेला लोक येत नाहीत. मला हे अजिबात पटलेलं नाही. दुसऱ्या शतकात स्मर्नाचा (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) बिशप पॉलिकार्प हुतात्मा झाला तेव्हा तिथल्या ख्रिस्ती लोकांनी पत्र लिहिलं, त्यात म्हटलंय की त्याच्या अस्थी ठेवल्यात तिथे जमून त्याच्या हौतात्म्याचा जन्मदिवस आम्ही आनंदाने साजरा करू. म्हणजे मरणाचा दिवस तोच स्वर्गातला वाढदिवस. ज्यांच्या डोळ्यांदेखत बिशपला जाळलं ती माणसं तारीख धरून बसली आणि आपल्याला पार्किंग मिळत नाही म्हणून रविवार हवा!

नाईट_शिफ्ट
अहो त्याच पत्रात ‘जमेल तसं’ एकत्र येऊ असंही लिहिलंय, तेवढं बरं गाळलंत. सण तारखेला आणि मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संध्याकाळी सातला, म्हणजे कोण येणार? रिटायर्ड मंडळी आणि ज्यांचं ऑफिस जवळ आहे ते. नर्स, ड्रायव्हर, सिक्युरिटीवाले, दुकानात उभे राहणारे, यांना कोण सुट्टी देणार त्या दिवशी? रविवारी पण सगळ्यांना जमतं असं नाही पण निदान घरचे तरी एकत्र असतात. संत सगळ्या पॅरिशचा आहे ना, का फक्त मोकळा वेळ असलेल्यांचा?

जुनी_जपमाळ
भांडण्याआधी नियम बघा रे दोघं. कॅथलिक चर्चच्या १९६९ च्या नव्या पंचांगासोबत जे नियम आले त्यात लोकांच्या जिव्हाळ्याचा सण आठवड्यात आला तर तो सामान्य काळातल्या, म्हणजे मोठ्या सणांच्या काळाबाहेरच्या, रविवारी घेता येतो, अट एवढीच की त्या सणाचा दर्जा त्या रविवारच्या वर हवा. आणि आपल्या चर्चला ज्या संताचं नाव आहे त्याचा सण त्या चर्चपुरता महोत्सवच, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा सण असतो, ग्लोरिया (स्तुतिगीत), क्रीडो (श्रद्धेची कबुली), सगळं. त्यामुळे कौन्सिल काही बेकायदा करत नाहीये.
पण आगमनकाळ (नाताळाआधीचा), उपवासकाळ (ईस्टरआधीचा) आणि पुनरुत्थानकाळाच्या (ईस्टरपासूनच्या) रविवारांना हात लावता येत नाही. फ्रान्सिस झेवियरचा सण ३ डिसेंबर, २०२३ ला तो नेमका आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आला, तेव्हा ज्या चर्चचा तो पालक आहे त्यांनाही सोमवारी सरकावं लागतं. संत योसेफाचा १९ मार्च तर कायम उपवासकाळाच्या आसपास, त्याला सोयीचा रविवार शोधून दाखवा.

शेवटचा_बाक
जपमाळताई, परवानगी आहे हे मला माहितेय. परवानगी आहे म्हणून दरवर्षी वापरायलाच हवी का? एकदा तारीख सुटली की पुढच्या पिढीला आपला संत कुठल्या दिवशी गेला हेच ठाऊक नसणार.

नाईट_शिफ्ट
तारखेचं एवढं कौतुक तर हे ऐका. येशूचा शिष्य संत थॉमस, त्याचा सण आधी २१ डिसेंबरला होता, १९६९ मधे ३ जुलैला नेला. थॉमस अक्वायनस ७ मार्च १२७४ ला गेला, त्याचा सण आता २८ जानेवारीला, कारण मार्चात उपवासकाळ आडवा येतो. दुसरे जॉन पॉल २ एप्रिलला गेले आणि सण २२ ऑक्टोबरला, पोप म्हणून सेवा सुरू केली त्या दिवशी. आणि आविलाची तेरेसा तर ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री गेली आणि दुसऱ्या दिवशी उजाडली १५ तारीख, कॅलेंडर बदललं म्हणून मधले दहा दिवसच गायब! खुद्द चर्चने तारखा हलवल्यात आणि आम्ही चार दिवस पुढे गेलो तर आभाळ कोसळतं.

अल्टो_दुसरी_रांग
मी गायनमंडळात आहे आणि मला दोन्ही बाजूंचा वैताग आलाय. रविवार म्हणजे रिकामा हॉल नाही हो, की कुणीही बुक करावा. रविवार प्रभूचा दिवस, पुनरुत्थानाचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) १९६३ च्या उपासनेवरच्या दस्तऐवजात सरळ सांगितलंय की रविवार हा मूळ सण आहे आणि संतांचे सण तारणाच्या रहस्यांच्या सणांवर चढायला नकोत. तुम्ही संताला रविवारी आणलंत की त्या रविवारची वाचनं गेली, आठवड्यामागून आठवडे चाललेलं शुभवर्तमान मधेच तुटलं, आणि प्रवचनात अर्धा वेळ देणगीदारांची नावं.
कुठल्याही संताला विचारलं असतं की तुझ्यासाठी प्रभूचा दिवस बाजूला करू का, तर काय म्हणाला असता?

पाहुणा_मंडळीतला
मी प्रोटेस्टंट, त्यामुळे संताकडे मागणं वगैरे आमच्यात नाही. पण आठवण काढायला ना कुठे आहे? १५३० च्या आउग्सबुर्ग विश्वासपत्रातही, म्हणजे लूथरपंथीयांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यातही, म्हटलंय की संतांची आठवण ठेवावी म्हणजे त्यांच्या विश्वासाचा आणि सत्कृत्यांचा कित्ता आपण गिरवू. बाहेरून बघणाऱ्याला एक प्रश्न पडतो. सण कधी यावर एवढी चर्चा, पण त्या संताने केलं काय हे तुमच्यातल्या किती जणांना सांगता येईल? लॉरेन्स घ्या, २५८ साली रोममधे मारला गेला, डीकन (बिशपच्या हाताखालचा सेवक) होता, परंपरा सांगते की चर्चचा खजिना मागितला तर त्याने गरिबांना पुढे उभं केलं. अशा माणसाच्या सणाला सजावटीची स्पर्धा?

जुनी_जपमाळ
पाहुणेबुवा, टोमणा लागला पण खोटा नाही. नोव्हेना असते ना त्यासाठी, सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना. एकेक दिवस एकेका गटाकडे द्यायचा, आजाऱ्यांकडे जायचं, एकट्या राहणाऱ्यांची चौकशी करायची. आता नऊ दिवस नऊ स्पॉन्सर असतात आणि फलकावर नावं. ज्याचं नाव नाही तो रुसतो. माझ्या मते तारीख हा दुय्यम वाद आहे, रोग इथे आहे.

शेवटचा_बाक
फलकाबद्दल शंभर टक्के. तारखेबद्दल नाही, तिथे मी हलणार नाही. पण महोत्सव आदल्या संध्याकाळपासूनच सुरू होतो ना, मग आदल्या संध्याकाळी एक मिस्सा आणि तारखेला दोन, पहाटे आणि रात्री, असं मांडतो कौन्सिलपुढे. रविवारी मिस्सा रविवारचीच, फक्त मिस्सानंतर कार्यक्रम घ्या हवा तर, बक्षीस समारंभ, मुलांचं नाटक, काय ते.

अल्टो_दुसरी_रांग
तीन मिस्सांना गाणार कोण? आणि फादर एकच आहेत, त्यांच्याकडे अजून एक चर्चही आहे.

नाईट_शिफ्ट
पहाटेचीला मी येईन, ड्युटीवरून थेट. पण साडेपाचला नको, सव्वासहाला ठेवा, रिलिव्हर कधीच वेळेवर येत नाही.