टेबोगोने बोट दाखवलं तर तुमचं काय गेलं?

चौथी_लेन
काल इथे एकाने बोत्स्वानाचा धावपटू टेबोगो कोलंबियात, कॅलीला धावला तो जुना व्हिडिओ टाकून खाली लिहिलंय, "असल्या माजुरड्या पोराला मेडल द्यायलाच नको होतं, आमच्या वेळी सरांनी कानाखाली काढली असती." वर ढीगभर अंगठे. तिथे उत्तर दिलं तर वाहून जाईल म्हणून वेगळा धागा काढतोय.

पहिलं म्हणजे ती रेस पूर्ण बघा, नुसतं रील नाही. ऑगस्ट 2022, अंडर-20 वर्ल्ड्स (वीस वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा), 100 मीटर फायनल. टेबोगो 9.91. महिनाभर आधीच अमेरिकेत यूजीनला सीनियर वर्ल्ड्समध्ये 9.94 मारून आला होता, तो स्वतःचाच ज्युनियर वर्ल्ड रेकॉर्ड त्याने मोडला, आणि तोही शेवटी मान वळवून जमैकाच्या नक्रुमीकडे बोट नाचवत. नंतर म्हणाला की लोकांना बोल्टची आठवण करून द्यायची होती, कुणाला लागलं असेल तर सॉरी. एवढं तर आपल्याकडे नगरसेवकसुद्धा म्हणत नाहीत.

बोल्टने 2008 ला बीजिंगमध्ये छाती बडवत 9.69 काढली तेव्हा ऑलिंपिक कमिटीचे अध्यक्ष रॉग यांनी पण आदर दाखवा वगैरे प्रवचन दिलं होतं. आज तोच फोटो लोक जिममध्ये लावतात.

एकोणीस वर्षांच्या स्प्रिंटरला थोडी खुमखुमी नसेल तर त्याने सरळ मॅरेथॉन धावावी. स्टार्टिंग ब्लॉकमध्ये बसल्यावर शेजारचा आपल्यापेक्षा भारी आहे असं वाटलं की संपलं, दहा सेकंदांत सावरायला वेळ कुठे असतो. आपल्याकडे पोराला आधी वाकून नमस्कार शिकवतात, मग स्टार्ट. जिंकलास तरी दात काढू नको, साहेब बघतायत. आणि मग मोठ्या स्पर्धेत पोरगं हीटमध्येच (पहिल्या फेरीतच) गारठलं की आपणच विचारतो, याच्यात किलर इन्स्टिंक्ट का नाही.

शिट्टीवाला
कानाखाली काढणारे सर म्हणजे आम्हीच, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. (काढत नाही हो, आता उलट पालक आमच्या काढतात.)

तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये नक्रुमी फक्त बोट दाखवायला आलाय. तो पोरगा किती धावला माहितीये? 10.02. जमैकाचा ज्युनियर रेकॉर्ड. जमैकाचा! टेबोगो यायच्या आधी या स्पर्धेचा विक्रम होता 10.05, ब्रिटनच्या जेमिलीचा, बार्सिलोना 2012. अमेरिकेचा लाइल्स 2016 ला 10.17 मध्ये जिंकला. म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही अंडर-20 फायनलला 10.02 टाकली असती तर गोल्ड होतं. त्याच्या तोवरच्या आयुष्यातली सगळ्यात भारी रेस, आणि जगाला तो आठवतो कसा, तर ज्याच्याकडे बघून हसले तो. तुमची खुमखुमी त्याच्या जिवावर आहे साहेब. स्वतःच्या छातीवर मारा हवं तेवढं, बोल्टने तेच केलं होतं. शेजारच्याला बोट दाखवणं वेगळं.

चौथी_लेन
मुद्दा बरा आहे. पण बोट नसतं तर तुम्हाला तरी नक्रुमी आठवला असता का? ब्राँझ कोणाचं ते सांगा बरं न शोधता.

शिट्टीवाला
रिचर्डसन, दक्षिण आफ्रिका, 10.12. अजून काही?

चौथी_लेन
नाही सर. बसतो खाली.

वऱ्हाडी_ठसका
अबे ते आदरबिदर ठेवा बाजूला, टायमिंगचं बोला ना. मान फिरवली की खांदा उघडतो, हात आडवा गेला की स्ट्राइड (ढांग) गेलीच. सरळ बघून धावला असता तर 9.8 समथिंग होतं हे शेंबडं पोरगं पण सांगेल. आणि त्याच आठवड्यात 200 च्या फायनलला काय झालं? इस्रायलचा अफ्रिफा 19.96, टेबोगो 19.96. हजारांश सेकंदावर गोल्ड गेलं! फोटो फिनिशला धड बघतात, बोट नाही बघत. देव बघत असतो म्हणतात ते हेच 😂

चौथी_लेन
200 ला त्याने बोट दाखवलंच नव्हतं रे, त्याचा 100 शी काय संबंध. आणि नंतर? पॅरिस 2024, 200 मीटर, 19.46, बोत्स्वानाचं इतिहासातलं पहिलं ऑलिंपिक गोल्ड. अख्ख्या देशाची वस्ती आपल्या नागपूरएवढी. त्याच वर्षी मे महिन्यात आई गेली होती, तिची जन्मतारीख स्पाइक्सवर लिहून धावला आणि रेस झाल्यावर बूट काढून कॅमेऱ्यासमोर धरला. हा माजुरडा म्हणे.

वऱ्हाडी_ठसका
नागपूरला कशाला मध्ये ओढता बे. आमच्याकडे 45 डिग्रीत धावून दाखव म्हणा त्याला.

कृष्णाकाठ
तुमी बोटावर भांडत बसा. अंडर-20 म्हटलं की मला पहिला प्रश्न पडतो, वीसच्या आत खरंच किती जण? टेबोगोबद्दल बोलत नाही, त्याचं वय सगळ्या जगाला ठाऊक आहे. आपल्या हिकडचं बोलतोय. विभागीय शालेय स्पर्धा, सतरा वर्षांखालील, 100 मीटर. मातीचा ट्रॅक, फक्कीने आखलेल्या लेन, आणि माझ्या शेजारच्या लेनला जो गडी उभा होता त्याच्या गालावर सकाळी दाढी केल्याचा हिरवा डाग. हात बघितला तर करंगळी माझ्या अंगठ्याएवढी. त्यो गेला राज्याला, मी गेलो घरी. आन पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याच लग्नाची पत्रिका आली आमच्या मामाकडं! सतरा वर्षांखालील नवरदेव. गोरजमुहूर्तावर. ज्या सरांनी दाखला करून दिला ते पंक्तीला वाढत होते.

वऱ्हाडी_ठसका
😂😂 गेला होतास का जेवायला?

कृष्णाकाठ
गेलो की. मठ्ठा चांगला होता.

ट्रॅकवरची_आई
हसू नका, याची दुसरी बाजू आहे. माझ्या मुलाला चौदाव्या वर्षीच मिसरूड फुटलं, आमच्या घराण्यातच सगळे लवकर वाढतात. जिल्ह्याला पहिला आला तर हरलेल्या मुलाच्या वडिलांनी मैदानातच आरडाओरडा केला, "हा बाप्या आहे, याचा एक्स-रे काढा." हॉस्पिटलचा जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड, आधार, सगळं हातात घेऊन मी टेबलासमोर उन्हात उभी. निकाल नंतर आमच्याच बाजूने लागला, पण पोरगं पुन्हा मैदानावर गेलं नाही. आता कॅरम खेळतो. तेव्हा प्रत्येक दाढीवाल्याकडे संशयाने बघणाऱ्यांनी जरा जपून.

कृष्णाकाठ
ताई, तुमच्या पोराचं वाईट वाटलं, पण एका खऱ्यामागं चार खोटे असतात त्याचं काय? आमी कुठं जायचं?

ट्रॅकवरची_आई
चार हा आकडा कुठून आणलात? मठ्ठ्यात बुडवून काढलात का?

शिट्टीवाला
धागा गेला बहुतेक, तरी सांगतो कारण हे दरवर्षी बघतो. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात, हाडं किती जुळून आलीत त्यावरून वय काढतात. लहान वयोगटात त्याचा थोडाफार उपयोग, तिथेही वर्षभर इकडेतिकडे होऊ शकतं, आणि ताईंच्या मुलासारखी लवकर वाढणारी मुलं त्यात नाहक अडकतात. पण एकदा हाडं पूर्ण जुळली की एक्स-रेला एकोणीस काय नि चोवीस काय, सारखंच. म्हणजे अंडर-20 ला शेवटी कागदच. आणि कागद का बदलतात? बोर्डाचे सवलतीचे क्रीडा गुण, त्याच्या पुढे सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण. मेडल नुसतं मेडल नसतं हो, त्याला पगार लटकलेला असतो. बाप शेत विकून भरती अकादमीत घालतो तेव्हा दोन वर्षं कमी लिहायला त्याचा हात थरथरत नाही.

कृष्णाकाठ
मंजी तुमी सर लोक समजून घेताय? वा! दाखले कोण करून देतं ते पण सांगा की मग.

शिट्टीवाला
मी समजावून सांगितलं, समर्थन नाही केलं. मी आजवर एकही दाखला फिरवलेला नाही आणि त्यापायी दोन चांगली पोरं दुसऱ्या शाळेत गेली, जिथे फिरवून मिळतो. तोंड सांभाळून बोला.

कृष्णाकाठ
मग त्या शाळेची तक्रार केली का? नाही ना. हाताची घडी.

मेलबर्नचा_माळी
मी फार लिहीत नाही इथे, पण आमच्याकडे लिटल ॲथलेटिक्सला (लहान मुलांचा मैदानी खेळांचा क्लब) मुलगी जाते, दर शनिवारी. तिथे कितवा नंबर आला यापेक्षा स्वतःचं पीबी (आजवरची स्वतःची सर्वोत्तम कामगिरी) सुधारलं का यावर जास्त भर, त्यामुळे वय चोरून कोणाचा काही फायदाच नाही. आपल्याकडे असं करता येणार नाही का?

वऱ्हाडी_ठसका
आलं ऑस्ट्रेलिया! मला वाटलंच होतं की अजून कसं आलं नाही.

मेलबर्नचा_माळी
म्हणूनच लिहीत नाही.

चौथी_लेन
अहो मूळ विषय!! बरं, नम्र पोरगं हवंय ना तुम्हाला, मग झोहरी बघा. टॅम्पेरे 2018, हीच स्पर्धा, लेन आठ. इंडोनेशियाचा, लोम्बोकचा पोरगा, घर लाकडी फळ्यांचं. 10.18 मध्ये जिंकला, मागे दोन अमेरिकन, दोघेही 10.22. त्यांच्या खांद्यावर लगेच झेंडे आले, आणि हा विजेता बिचारा झेंडा शोधत इकडून तिकडे फिरतोय, कारण हा जिंकेल असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. त्यात ना बोट ना छाती. मग घरी घरं काय, बक्षिसं काय, सगळं सरकार धावत आलं. 2019 ला ओसाकाला 10.03, पण टोकियो ऑलिंपिकला हीटमध्येच 10.21 आणि बाहेर. नम्रतेने काय मोठा तीर मारला?

शिट्टीवाला
हे तर तुमच्याच विरुद्ध गेलं. झोहरी झेंड्यावाचून फिरला म्हणून हळू झाला का? जमैकाचा डेक्स्टर ली लागोपाठ दोनदा ज्युनियर चॅम्पियन, 2008 आणि 2010, सीनियरला एकट्याच्या रेसमध्ये कुठे दिसला? 2014 ला अमेरिकेचा ब्रोमेल सिल्व्हर घेऊन आला, केंडल विल्यम्सकडून हरून, आणि पुढच्याच वर्षी सीनियर वर्ल्ड्सचं ब्राँझ त्या हरलेल्याच्या गळ्यात. अठरा-एकोणीसला कोण लवकर भरलाय आणि कोणाचं हॅमस्ट्रिंग टिकतंय यावर निम्मा खेळ. याचा स्वभावाशी संबंध जोडणं म्हणजे पत्रिका बघण्यातला प्रकार.

ट्रॅकवरची_आई
टॅम्पेरेवरून आठवलं, तिथेच हिमा दास 400 ला 51.46 मध्ये जिंकली आणि आपल्या ॲथलेटिक्स फेडरेशनने ट्विट काय केलं, तर तिचं इंग्लिश फार चांगलं नाही. मग माफी. आपल्याकडे जिंकलेल्याला बोट दाखवायचं काम पदाधिकारीच करतात, खेळाडूने वेगळं कशाला दाखवायचं.

चौथी_लेन
हे बाकी खरं.

वऱ्हाडी_ठसका
माझा काका कॉलेजात 10.5 धावायचा, तो कधी कोणाला बोट नाही दाखवायचा.

शिट्टीवाला
हातघड्याळावर ना? ते वेळ कमी दाखवतं, 0.24 मिळवा. ग्राउंड उताराचं असेल तर अजून थोडं. 2025 ला अनिमेष कुजूर ग्रीसमध्ये 10.18 धावला तेव्हा तो राष्ट्रीय विक्रम झाला. तुमचे काका तिथे नव्हते हे भारताचं दुर्दैव.

वऱ्हाडी_ठसका
काकांवर नाही जायचं सर.

चौथी_लेन
सर, एक सरळ प्रश्न. उद्या तुमचा पोरगा राज्याला 10.6 मारतोय आणि शेवटच्या दहा मीटरला शेजारच्याकडे बघून हसला. काय कराल?

शिट्टीवाला
इलेक्ट्रॉनिक 10.6 असेल तर आधी आनंदाने रडेन. मग सांगेन की बाबा, जे दाखवायचं ते रेषेच्या पुढे जाऊन दाखव, आणि शेजारच्याला नको, प्रेक्षकांना दाखव. एवढी सूट देतो. तीही तुमच्यासाठी नाही, 10.6 साठी.

चौथी_लेन
तुमच्याकडून एवढं म्हणजे मला वर्ल्ड रेकॉर्डच. मीपण मान्य करतो की नक्रुमीच्या जागी माझा भाऊ असता तर मी त्या टेबोगोला ट्रॅकवर जाऊन शिव्या घातल्या असत्या. तरी मेडल काढून घ्या म्हणणारा तो गडी मूर्खच आहे.

शिट्टीवाला
त्यावर एकमत.

कृष्णाकाठ
पोरगं 10.6 मारत असंल तर जन्मदाखला बघून घ्या सर.

ट्रॅकवरची_आई
झालं यांचं परत सुरू.

पहिलाच_प्रतिसाद
धागा भरकटलाच आहे तर विचारतो, मातीच्या ट्रॅकला स्पाइक्सच्या पिना किती मिमीच्या घ्याव्या? दुकानदार 6 च्या देतोय.

शिट्टीवाला
6 सिंथेटिकला. मातीला 9 च्या घ्या, पावसात अजून मोठ्या चालतील. आणि पाना वेगळा मागून घ्या, डब्यात देत नाहीत.