मदत हवी आहे: घरी करत असलेला हँडसोप पातेल्यातच दगड झाला

पावसाळी_ढग
अर्जंट आहे म्हणून थेट विचारते. दिवाळीत सगळ्यांना द्यायला नॅचरल हँडसोप करायला घेतलाय. खोबरेल 500, कॉस्टिक सोडा 90, पाणी आणि इसेन्शियल ऑइल, सगळं व्हिडिओत दाखवलं तसंच घेतलं. सोडा पाण्यात घातल्यावर मस्त फसफसला म्हणजे माल ताजा होता. तेल ओतून हँड ब्लेंडर फिरवला, छान कढीसारखं झालं, मग इसेन्शियल ऑइल घातलं आणि मिनिटभरात ब्लेंडर अडकला!! ओतता पण येईना, चमच्याने खरवडून साच्यात कोंबलंय. आता हे परत वितळवू की असंच सुकू देऊ? ज्यांनी स्वतः केलाय त्यांनीच सांगा प्लीज, "विकत आणा" वाले नकोत.

रिठाप्रेमी
कॉस्टिक घालून नॅचरल? गंमतच आहे. रिठे रात्रभर भिजवा, सकाळी उकळून कुस्करा, गाळा, झाला हँडवॉश. रिठ्यात सॅपोनिन असतं, फेस आपोआप येतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालू आहे.

बटाटेवडा_दादर
रिठाप्रेमी, दर धाग्यावर रिठा. परवा सोफ्याच्या डागावर पण तुम्ही रिठाच सांगितला होता.

साबणवेडी
ताई, कुठलं इसेन्शियल ऑइल ते लिहिलंच नाही. आणि किती?

पावसाळी_ढग
लवंगेचं. साधारण दोन टेबलस्पून असेल, वास यायला नको का?

साबणवेडी
तिथेच झालं. लवंगेत युजेनॉल असतं, ते साबणाला इतकं पळवतं की ट्रेस (मिश्रण दाट व्हायला लागणं) आला म्हणेपर्यंत गोळा. दालचिनी तेल पण तसंच. शिवाय हात धुवायच्या साबणात दोन टेबलस्पून लवंग फार झालं, कातडी चुरचुरते, मी तर थेंबांवर मोजते. लव्हेंडर, गवती चहा ही गरीब तेलं आहेत, ती गडबड करत नाहीत. संत्र्या-लिंबाचं पण त्रास देत नाही पण वास महिन्याभरात उडतो. गोळा झाला म्हणून साबण वाया जात नाही, डबल बॉयलरवर चमचा-दोन चमचे पाणी घालून वितळवा आणि परत भरा. दिसायला खडबडीत होईल, चालतो.

केमिस्ट्रीवाला
थांबा थांबा, वितळवायच्या आधी सांगा, 500 काय? ग्रॅम की मिली?

पावसाळी_ढग
अर्ध्या लिटरची बाटली, पूर्ण ओतली. एकच ना ते.

केमिस्ट्रीवाला
एक नाही. खोबरेल पाण्यापेक्षा हलकं, 500 मिली म्हणजे साधारण 460 ग्रॅम. एक ग्रॅम खोबरेलाला 0.183 ग्रॅम कॉस्टिक लागतो, म्हणजे तुमच्या तेलाला 84 पुरला असता, तुम्ही 90 घातला. सहा ग्रॅम मोकळा कॉस्टिक राहिला, त्याने हात सोलून निघतील. आणि नुसत्या खोबरेलाचा साबण तसाही कातडी कोरडी करतो, त्यात लोक 20 टक्के तेल जास्तीचं ठेवतात. त्या हिशोबाने तुम्हाला अजून दीडशे ग्रॅम तेल घालावं लागेल. वितळवतानाच घाला. आणि काट्यावर मोजा हो, साबण म्हणजे काही पोह्यांची फोडणी नाही.

कोकणचीमाय
आमच्याकडे आजी सगळं अंदाजाने करायची, कुणाचे हात सोलले नाहीत.

केमिस्ट्रीवाला
आजी कॉस्टिक वापरायच्या का?

कोकणचीमाय
राख. आणि आजीवर जाऊ नका.

तुंबलेलं_सिंक
हा कॉस्टिक सोडा नक्की कुठे मिळतो? किराणावाला धुण्याचा सोडा देतो. आमचं सिंक चार दिवस झाले तुंबलंय.

साबणवेडी
धुण्याचा सोडा वेगळा, त्याने साबण होत नाही. केमिकलच्या दुकानात विचारा. पण सिंकसाठी वेगळा धागा काढा की.

पावसाळी_ढग
सिंकवाले प्लीज!! मी दीडशे ग्रॅम तेल आणायला निघालेच आहे, फायनल ना?

निवांतकाका
जरा दम धरा. पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट कुणी वाचलीच नाही का? कॉस्टिक पाण्यात पडला की तापतो, झणझणीत वाफ येते, पण फसफसत नाही. पातेलं कसलं होतं?

पावसाळी_ढग
जर्मलचं. आतून जरा काळं पडलंय, तो फेस तर सोड्याचा होता ना? व्हिडिओत पण चंदेरीच होतं.

निवांतकाका
व्हिडिओतलं स्टीलचं असणार. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो, तो फेस म्हणजे हायड्रोजन. जवळ गॅस पेटवला नव्हतात ना? स्टील नाहीतर जाड प्लॅस्टिकचा डबा घ्यायचा, आणि सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही.

केमिस्ट्रीवाला
जर्मलचं?? मग माझा हिशोब कचऱ्यात. किती कॉस्टिक पातेल्याने खाल्ला आणि किती शिल्लक आहे हे आता कुणीच सांगू शकणार नाही, आणि साबणात ॲल्युमिनियम उतरलंय ते वेगळं. टाकून द्या.

कोकणचीमाय
एवढं तेल टाकून द्यायचं? फरशी पुसायला वापरा की.

निवांतकाका
फरशी हातानेच पुसतात ना? हातमोजे घालून प्लॅस्टिकमध्ये बांधा आणि कचऱ्यात टाका. त्या पातेल्यात परत अन्न शिजवू नका.

पावसाळी_ढग
पातेलं सासूबाईंचं आहे.

बटाटेवडा_दादर
😬

साबणवेडी
खरवडताना हाताला लागलं नाही ना कुठे? लागलं असेल तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं.

रिठाप्रेमी
व्हिनेगर लावायचं असतं त्यावर.

निवांतकाका
अजिबात नाही. पाणी म्हणजे पाणी. व्हिनेगर शोधत बसलात तर तेवढ्या वेळात कॉस्टिक कातडीत आत जातो.

पावसाळी_ढग
नाही लागलं काही. पण आता नवीन केला तर दिवाळीपर्यंत होईल का? दिवाळी तोंडावर आलीये.

साबणवेडी
कोल्ड प्रोसेसचा, म्हणजे तुम्ही केलात तसा न शिजवता केलेला साबण चार ते सहा आठवडे वाळवावा लागतो, मुरला नाही तर हातात लिबलिबीत होतो. घाई असेल तर मेल्ट अँड पोअरचा तयार बेस घ्या, त्यात कॉस्टिकचं काम आधीच झालेलं असतं. वितळवा, जरा निवला की वासाचं तेल घाला, साच्यात ओता. अर्धा किलो बेसला गवती चहाचं पाच ग्रॅम पुरे. दमट हवेत त्यावर घाम येतो म्हणून निघाला की लगेच क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळा.

कोकणचीमाय
दिवाळीला मोतीच द्या, लोक तोच वास शोधतात.

पावसाळी_ढग
विकत आणा वाले नको म्हटलं होतं ना!! बरं, बेस आणून वितळवला तर त्याला घरी केलेला म्हणता येतं का?

बटाटेवडा_दादर
चिठ्ठीवर "हाताने ओतलेला" लिहा.

तुंबलेलं_सिंक
कॉस्टिक मिळाला, धन्यवाद. आमच्या सिंकचा पाइप जर्मलचा असेल का?