वस्तीतील लोकांना स्वतःची औषधचिठ्ठी आणि रिपोर्ट समजावा यासाठी काय करावे? (नागपूर)

मूळ प्रश्न (मानेवाडा)

नमस्कार. आमच्या वस्तीत आम्ही काही मंडळी एक छोटे वाचनालय चालवतो. गेल्या दोन वर्षांत तेथे तीन आरोग्य शिबिरे झाली. प्रत्येक वेळी रक्तदाब, साखर आणि वजन यांची नोंद असलेला कागद लोकांच्या हाती पडला, आणि पुढे त्या कागदाचे काय करायचे हे मात्र कोणालाच कळले नाही. शेजारच्या काकूंचा रक्तदाब अशाच एका शिबिरात १६०/१०० निघाला होता. तो जास्त आहे, पुन्हा मोजायला हवा, हे त्यांना कोणी सांगितले नाही, म्हणून त्यांनी कागद जपून देव्हाऱ्याच्या खणात ठेवला. चार महिन्यांनी अर्धांगाचा झटका आल्यावर त्यांना मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) न्यावे लागले, आणि दवाखान्याचे जुने कागद शोधताना तो मुलाच्या हाती लागला. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन तास केवळ आरोग्यासाठी द्यायचे आम्ही ठरवले आहे. वस्तीत मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी बोलणारी कुटुंबे आहेत आणि ज्येष्ठांपैकी अनेकांना वाचता येत नाही. डॉक्टरांची व्याख्याने ठेवावीत, की दुसरे काही करावे? सुरुवात कोणत्या विषयाने करावी?

प्रतिसाद १ (निवृत्त परिचारिका)

व्याख्यानाने सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लोक मान डोलावतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन जे करत होते तेच करतात. त्याऐवजी पहिल्या रविवारी प्रत्येकाला घरातील सगळी औषधे एका पिशवीत घालून, सोबत चिठ्ठ्या आणि रिपोर्ट घेऊन यायला सांगा. त्या पिशवीतच तुमचा अभ्यासक्रम आहे.

मी आयुष्यभर वॉर्डात पाहिलेल्या चुका त्या पिशवीतून तुम्हाला दिसतील. एकच औषध दोन कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांनी घरात असते आणि माणूस दोन्ही गोळ्या घेत असतो, म्हणून पाकिटावर ठळक नावाजवळ छापलेले मूळ औषधाचे नाव शोधायला शिकवा. तापाची पॅरासिटामॉलची गोळी आणि सर्दीची गोळी एकत्र घेणाऱ्याला सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असते हे ठाऊक नसते. ‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक आणि रात्री एक, दुपारी नाही, हेही अनेकांना कोणी सांगितलेले नसते. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, एवढे तर अक्षर न येणाऱ्या माणसालाही ओळखता येते. वाचता न येणाऱ्यांसाठी डब्यांवर सूर्य आणि चंद्र काढा, सकाळची गोळी कोणती आणि रात्रीची कोणती हे त्यावरून समजते.

समजावून झाल्यावर ‘कळले का?’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. ‘घरी गेल्यावर सूनबाईंना हे कसे सांगाल, ते मला सांगा पाहू,’ असे विचारा. त्यांच्या सांगण्यात जेथे चूक होईल, तेथे आपले समजावणे कमी पडले असे मानून तोच भाग पुन्हा सांगा. छत्तीसगढी बोलणाऱ्या कुटुंबांसाठी त्यांच्यातीलच एखादी मुलगी तयार करा, तिच्या तोंडून ऐकलेले अधिक टिकते.

काकूंच्या बाबतीत जे घडले ते टाळायचे असेल, तर शिबिरातील प्रत्येक आकड्यापुढे एक वाक्य लिहून द्या. मोठ्या माणसाचा रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर डॉक्टरांकडे जायचे. आणि गोळी सुरू असताना रक्तदाब नीट आला, तर तो गोळीमुळे आलेला असतो, म्हणून ती मनाने बंद करायची नाही. ‘आता बीपी नॉर्मल आहे’ म्हणून औषध सोडलेले कितीतरी रुग्ण मी पाहिले आहेत.

प्रतिसाद २ (पारडी)

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त विषय ऋतूप्रमाणे घ्यावेत असे सुचवतो. एप्रिलचा रविवार उन्हासाठी ठेवा, कारण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ओआरएस तेथेच सर्वांसमोर तयार करून दाखवा. मोठे पाकीट पूर्णच्या पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचे असते, पण बहुतेक घरांत त्यातले थोडेसे पेलाभर पाण्यात घालतात आणि उरलेले ठेवून देतात, त्यामुळे मीठ-साखरेचे प्रमाण बिघडते. कालवलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यायचे. कोणी उन्हाने बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तोंडात पाणी ओतायचे नाही. सावलीत नेऊन अंग ओले करून वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा.

पावसाळा लागताच कूलर. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आपल्या शहरात अशी टाकी जवळपास प्रत्येक खिडकीत असते. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, कारण अंडी टाकीच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करायची, आणि कूलर गच्चीवर ठेवताना तर नक्कीच.

प्रतिसाद ३ (उत्तर नागपूर)

सिकलसेल, म्हणजे आई-वडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार, विसरू नका. विदर्भात हा विषय घराघरांतला आहे, आणि गैरसमजही तितकेच आहेत. सोल्युबिलिटी चाचणी होकारार्थी आली म्हणजे मूल आजारी आहे, असे समजून आमच्या नात्यातील एका कुटुंबाने सहा महिने धास्तीत काढले. ती चाचणी केवळ रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच दाखवते. व्यक्ती वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेली) आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीतून ठरते. त्यांचा मुलगा वाहक निघाला, आणि वाहक म्हणजे आजारी नव्हे. मात्र आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून ती कमी होत नाही. लग्न ठरण्यापूर्वीच्या वयातील मुलामुलींना हे समजावे, म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही आयांसमोर हाच विषय मांडला होता आणि नंतर अनेकींनी आपणहून मुलांची तपासणी करून घेतली.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. औषधांच्या पिशवीने सुरुवात करायची, हे आज आमच्या मंडळींनी मान्य केले. दोन शंका उरल्या आहेत. पिशवीत चूक दिसली, तर आम्ही सामान्य माणसांनी गोळी बंद करायला सांगावे का? आणि वाचनालयासाठी रक्तदाबाचे यंत्र कोणते घ्यावे? खर्ऱ्याबद्दल (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाबद्दल) काही करता येईल का, हेही सांगावे. आमच्याकडे दहावीतली मुलेही तो खातात.

प्रतिसाद १ (निवृत्त परिचारिका)

गोळी बंद करायला किंवा बदलायला कधीही सांगू नका. शंका एका चिठ्ठीवर स्पष्ट अक्षरांत लिहून द्या, जसे ‘या दोन गोळ्या एकच आहेत का?’, आणि ती चिठ्ठी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगा. ज्यांना विचारायचा संकोच वाटतो, त्यांच्या सोबत कोणीतरी जावे.

खर्रा खाणाऱ्यांना आपली तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहायला सांगा. ती जात नसतील, तोंडात पांढरे चट्टे असतील किंवा तिखटाने आग होत असेल, तर शासकीय दंत महाविद्यालयात दाखवायचे. सोडायची इच्छा असणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक वाचनालयाच्या दारावर लावा.

यंत्र दंडाला पट्टा बांधायचे घ्या, मनगटाचे नको. जाड दंडासाठी मोठा पट्टा वेगळा मागवा, नाहीतर आकडा खोटाच जास्त येतो. चहा किंवा खर्ऱ्यानंतर अर्धा तास थांबवा, पाच मिनिटे पाठ टेकवून बसवा, हात टेबलावर छातीच्या पातळीत ठेवा आणि मोजताना बोलू देऊ नका.