४-३-३ सोडून ४-४-२ करावं का? सतरा वर्षांखालची टीम, जळगाव

नमस्कार मंडळी,

नोकरी सांभाळून संध्याकाळी जळगावात पोरांची फुटबॉल टीम बघतो. लायसन्सवाला कोच नाही. मुलं बहुतेक गावातलीच, दोघं भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून गाडीने येतात, आणि लेफ्ट विंगचा पोरगा धडगावकडचा, इथे वसतिगृहात राहतो. या सीझनला सपाटून हरतोय.

खेळतो ४-३-३, म्हणजे मागे चार बॅक, मधे तीन हाफ, पुढे तीन. पोरांनी टीव्हीवर तेच पाहिलंय, त्यांना तेच हवं. सुरुवातीला बरं चालतं. मग ऊन लागायला लागतं, दोन्ही विंगर (कडेचे फॉरवर्ड) पुढेच कमरेवर हात ठेवून उभे, आणि साइडबॅक एकटे पडतात. समोरचे त्यांच्या पाठीमागे लांब बॉल टाकतात, स्टॉपर (मधला बॅक) तिकडे धावतो, गोलीसमोर मैदान मोकळं. जवळपास सगळे गोल याच वाटेने खाल्लेत. त्यात आमची काळी माती. पाऊस झाला की बुटाला ढेकळं, उघडीप झाली की भेगा. तीन-चार छोटे पास जोडून पुढे जायचं म्हटलं की बॉल मध्येच उडतो किंवा रुततो.

म्हणून ४-४-२ डोक्यात आहे. विंगर हाफच्या ओळीत आले की साइडला दोघं-दोघं होतील. पण मग मधे दोनच राहतात, आणि आमचा सहा नंबर (बॅकच्या पुढे मधोमध खेळणारा हाफ), जो खरं तर टीमचा मेंदू आहे, समोरच्या तिघांमध्ये अडकेल. शिवाय गोल करणारा स्ट्रायकर एकच. दुसरा कुठून आणू? एक सीनियर पोरगा ३-५-२ म्हणतो, पण तेवढं पळणारे विंगबॅक, म्हणजे एकट्याने अख्खी साइड वर-खाली सांभाळणारे, माझ्याकडे नाहीत.

सीझनच्या मधेच बदलावं का, हाही घोळ आहे. २०१६ मध्ये चेल्सी आर्सेनलकडून ३-० हरली, त्यांचा कोच कोन्तेने ३-४-३ आणलं आणि लीगमध्ये सलग १३ मॅच जिंकून पुढे चॅम्पियन झाली. उलट अमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडला कोच म्हणून आला, तोही ३-४-३ घेऊनच, आणि टीम त्या सीझनला लीगमध्ये पंधराव्या नंबरवर राहिली. मग कोणाचं ऐकायचं?

प्रतिसाद

चेल्सीला त्या वर्षी युरोपच्या मॅच नव्हत्या, आठवडाभर सराव मिळायचा. आणि मोझेससारखा विंगर विंगबॅक म्हणून फिट बसला. तुमच्याकडे आठवड्यात किती संध्याकाळी सगळी पोरं येतात, ते आधी सांगा.

माझ्या मते ४-३-३ मोडू नका. बॉल आपल्याकडे नसताना त्याचं ४-५-१ करा. दोन्ही विंगर मागे येऊन हाफच्या ओळीत उभे राहतील, बॉल मिळाला की पुन्हा पुढे. म्हणजे सहा नंबरच्या बाजूला माणसंही राहतात. सरावात बॉल न घेता नुसतं चालवा. तुम्ही मैदानात एका बाजूने दुसऱ्या बाजूला चालायचं, आणि तुमच्याकडे बघत अख्खी ओळ सरकली पाहिजे. कंटाळतील, तरी करवून घ्या. आणि बॅकची ओळ थोडी मागे ठेवा, पाठीमागची जागाच कमी होईल.

प्रतिसाद

भाऊ, फॉर्मेशन बदलीसन काय व्हई? पोऱ्यास्ले पळाले लाव!

प्रतिसाद

वरच्या भाऊंचं हसण्यावारी नेऊ नका, दमाचा प्रश्न आहेच. पण आकडे बदलण्याआधी माणसांच्या जागा बदलून बघा. १९६२ च्या जकार्ता एशियाडला भारताचे कोच रहीमसाहेबांनी जर्नेल सिंगला, म्हणजे पक्क्या स्टॉपरला, डोक्याला टाके असताना पुढे सेंटर फॉरवर्ड खेळवलं. फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने गोल केला, आपण २-१ जिंकलो. तुमचा धडगावचा पोरगा दमाचा असेल तर त्याला लेफ्ट बॅकला टाका. समोर मोकळी जागा असली की तिथूनही निघेल.

धागाकर्ता

आभार. सगळी पोरं एकत्र फक्त शनिवार-रविवारी मिळतात, त्यामुळे नवीन काही बसवायला वेळ नाहीच. ४-५-१ या शनिवारी चालवून बघतो. धडगावच्या पोराला विचारलं, मागे खेळायला तयार आहे, फक्त म्हणतो कॉर्नर मीच मारणार.

एक शंका राहिली. विंगर मागे आले की बॉल जिंकल्यावर पुढे स्ट्रायकर एकटा उरणार. तो अंगाने लहान आहे, पाठ लावून बॉल धरता येत नाही. त्याला सेंटरला ठेवू की साइडच्या मोकळ्या जागेत पळवू?