ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची सी लायब्ररी): सर्टिफिकेटमधली पब्लिक की काढली की मेमरी वाढतच जाते

प्रश्न: लूपमध्ये सर्टिफिकेटं (ज्यात मालकाची ओळख आणि त्याची पब्लिक की असते) वाचतोय, प्रत्येकातून एक्स५०९_गेट_पबकी ने की घेतो, काम झालं की सर्टिफिकेट फ्री करतो, म्हणजे त्याची मेमरी परत देतो. तरी मेमरी वाढतेच. की तर सर्टिफिकेटच्या आतच असते ना, मग त्याच्यासोबत जायला नको का?

उत्तर १: नाही जात. हे फंक्शन कीचा रेफरन्स काउंट (ती किती ठिकाणी वापरात आहे तो आकडा) एकने वाढवून देतं, म्हणून ईव्हीपी_पीकी_फ्री तुलाच मारावं लागणार.

उत्तर २: किंवा एक्स५०९_गेट०_पबकी वापर, १.१.० पासून आहे. ते काउंट वाढवत नाही, त्यामुळे ती की फ्री करायची नाही आणि सर्टिफिकेट गेल्यावर हातही लावायचा नाही. नावातल्या त्या शून्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं, सवयीने फ्री मारलं आणि प्रोग्राम भलत्याच ओळीवर क्रॅश, दोन दिवस गेले राव.

प्रश्नकर्ता: फ्री टाकलं, मेमरी थांबली 🙏 पण कीचा शा-२५६ हॅश (डेटावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) कमांड लाइनवरच्या हॅशशी जुळत नाहीये.

उत्तर १: आय२डी_पब्लिककी वापरलंयस का? आरएसएमध्ये त्यातून नुसता मॉड्युलस आणि एक्स्पोनंट (कीचे दोन आकडे) येतो, आय२डी_पबकी मध्ये अल्गोरिदमची माहितीपण असते. पिनिंगला (ठरावीक कीच चालेल अशी तपासणी) हे आय२डी_पबकी वालंच लागतं.

प्रश्नकर्ता: हो तेच होतं. जुळला!